शोधले कसे, ते आधी सांगा

रुग्णालयातल्या केसपेपरवर 'एन.ए.डी.' ही तीन अक्षरे वारंवार दिसतात. त्यांचा अर्थ 'नथिंग अ‍ॅबनॉर्मल डिटेक्टेड', म्हणजे तपासणीत काही वावगे आढळले नाही. वॉर्डात पाऊल टाकणारा विद्यार्थी काही दिवसांतच त्यांचा थट्टेचा अर्थही शिकतो : 'नॉट अ‍ॅक्च्युअली डन', म्हणजे तपासणी झालीच नाही. थट्टा सोडून दिली तरी मुद्दा उरतो. 'आढळले नाही' या शब्दांची किंमत कशाने शोधले, किती शोधले आणि कोणी शोधले, यावर ठरते. क्षयरोगाचेच पाहा. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा दिसत नाहीत. जनुकीय चाचणी मात्र शे-दीडशे जंतूही पकडू शकते. रुग्ण तोच आणि थुंकीही तीच, पण पद्धत बदलली की उत्तर बदलते.

हीच कसोटी आता समुद्राला लावायला हवी. किनाऱ्यावर रस्ते, बंदरे, जेट्टी, औष्णिक प्रकल्प उभे राहतात, तेव्हा त्यांच्या पर्यावरण अहवालात सागरी जीवांवर एक प्रकरण असते. त्यात 'पाहणीत दुर्मीळ किंवा महत्त्वाच्या प्रजाती आढळल्या नाहीत' अशा अर्थाचे वाक्य असले, की वाचणारा निःशंक होऊन पान उलटतो. खरे तर थांबायला हवे ते त्याच पानावर.

समुद्र म्हटला की आपल्याला मासे आठवतात. पण पाठीचा कणा असलेले मासे हे समुद्रातल्या प्राण्यांमध्ये अल्पसंख्य आहेत. जगातल्या एकूण प्राणी-प्रजातींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक प्रजातींना कणाच नसतो. आपल्या ताटातला जवळा, कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, कालवं, माकूल हे सगळे अपृष्ठवंशीयच. त्यांच्यासोबत प्रवाळ, स्पंज, तारामासे, जेलीफिश आणि चिखलात राहणारे असंख्य किडे. यांतल्या बहुतेकांना मराठीत सोडाच, शास्त्रीय भाषेतही अजून नाव मिळालेले नाही. समुद्रातल्या दोन लाखांहून अधिक प्रजातींची रीतसर नोंद झाली आहे. एकूण किती असाव्यात, याचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अंदाज होता २२ लाख. दुसऱ्याच वर्षी आलेला दुसरा अंदाज होता सात ते दहा लाख. दोन्ही संशोधने गंभीर होती. फरक पडला तो हिशेबाच्या पद्धतीमुळे.

डॉक्टरने या किड्या-शिंपल्यांत कशाला लक्ष घालावे, असा प्रश्न कोणी विचारेल. त्याचे उत्तर आमच्या औषधांच्या कपाटातच आहे. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर आजही ज्याच्यावाचून चालत नाही, ते सायटॅराबिन कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात सापडलेल्या रेणूंवरून बेतलेले आहे. अमेरिकेत त्याला १९६९ मध्ये मान्यता मिळाली. कशालाच न बधणाऱ्या तीव्र वेदनांसाठी मणक्यातल्या द्रवात दिले जाणारे झिकोनोटाइड हे शंकूच्या आकाराच्या एका विषारी गोगलगायीच्या विषातल्या रेणूची हुबेहूब प्रतिकृती आहे. त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. हे प्राणी कोणीतरी आधी शोधून, ओळखून, नाव देऊन ठेवले होते म्हणून पुढचे घडले. यादीतच नसलेल्या प्राण्यात काय आहे, हे तपासायला कोण जाणार?

मग या प्राण्यांची गणना करतात तरी कशी? सर्वात जुनी आणि आजही सर्वात उपयोगी रीत म्हणजे ओहोटीला खडकांवर जाणे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वात मागे हटते, तेव्हा एरवी बुडालेला पट्टा तासा-दोन तासांसाठी उघडा पडतो. पाण्याच्या कडेपासून वरपर्यंत दोरी ताणायची, तिच्यावर ठरावीक अंतराने अर्धा मीटर लांबी-रुंदीची चौकट ठेवायची आणि चौकटीतला प्रत्येक जीव मोजायचा. चौकट सोयीच्या जागी ठेवायची नाही, दोरी सांगेल तिथेच ठेवायची. नाहीतर पाहणारा नकळत जिथे जीव दिसतात तिथेच वाकतो आणि आकडा फुगतो. औषधांच्या चाचण्यांमध्ये कोणाला कोणते औषध द्यायचे हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडत नाहीत, त्याच कारणाने.

चिखलाच्या तळासाठी चौकट चालत नाही. तिथे बोटीवरून जबड्यासारखी मिटणारी लोखंडी पेटी सोडून चिखलाचा घास वर आणतात आणि चाळणीतून धुतात. इथे चाळणीचे भोक किती, यावर सगळे अवलंबून असते. अर्ध्या मिलिमीटरची चाळणी जे जीव अडवते, त्यांतले पुष्कळ एक मिलिमीटरच्या चाळणीतून निसटतात. त्याहून बारीक जीव पकडायला ०.०६३ मिलिमीटरची चाळणी लागते. म्हणजे चिखल तोच असताना मोठ्या भोकांची चाळणी वापरून यादी आखूड करता येते, आणि त्यात खोटे काहीच लिहावे लागत नाही.

नुसती संख्याही फसवते. सांडपाण्याने कुजलेल्या तळात काही मोजक्या जातींचे किडे बेसुमार वाढतात. फक्त डोकी मोजली तर तो तळ भरभराटीचा वाटेल. जाती किती आणि प्रत्येकीचे जीव किती, हे दोन्ही मांडले तरच आजार दिसतो.

खडकांच्या आणि प्रवाळांच्या कपारींत लपणाऱ्यांसाठी गेल्या काही वर्षांत एक वेगळी युक्ती रूढ झाली आहे. साधारण २३ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पीव्हीसीच्या चौकोनी पाट्या, मध्ये फटी ठेवून, एकावर एक बसवायच्या आणि समुद्रतळाशी घट्ट बांधून एक ते तीन वर्षे सोडून द्यायच्या. त्या फटींत स्पंज वाढतात, खेकडे लपतात, अळ्या येऊन चिकटतात. ठरल्या दिवशी सगळा संच वर काढायचा. जगभर त्याच मापाच्या पाट्या वापरल्यामुळे एका समुद्राची दुसऱ्या समुद्राशी सरळ तुलना करता येते. सन २००० ते २०१० या काळात झालेल्या जागतिक सागरी जीवगणनेतून ही पद्धत पुढे आली.

आणि अर्थातच डीएनए. करोनाकाळात 'पीसीआर' हा शब्द घराघरांत पोहोचला. तेच तंत्र इथेही वापरतात. प्राणी पाण्यात पेशी, श्लेष्मा, विष्ठा सोडत असतात. लिटरभर पाणी गाळून त्यातला डीएनए वाचला, तर त्या पाण्यात कोण कोण असावे याचा अंदाज येतो. हे तंत्र जलद आहे, प्राण्यांना न दुखावणारे आहे, पण सर्वज्ञ नाही. डीएनए प्रवाहाबरोबर दुरूनही वाहत येतो. प्राणी किती होते, हे तो नेमके सांगत नाही. शिवाय वाचलेला डीएनए ज्या संग्रहाशी ताडून पाहायचा, त्यात त्या प्राण्याची नोंदच नसेल तर उत्तर येते 'अनोळखी'. बोटांचे ठसे मिळाले, पण नोंदवहीत माणूसच नाही, तशी ही गत. म्हणजे पुन्हा प्राणी हातात घेऊन ओळखणारा तज्ज्ञ हवाच. नमुना कशात जपला, हेही महत्त्वाचे. फॉर्मलिनमध्ये शरीराची ठेवण टिकते पण डीएनएची नासाडी होते, तीव्र अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो. हा निर्णय बोटीवरच घ्यावा लागतो, नंतर दुरुस्ती नाही.

इतके सगळे केले तरी किती निसटते? पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर २९५ चौरस किलोमीटरच्या एका परिसरात शास्त्रज्ञांनी केवळ मृदुकाय प्राणी, म्हणजे शिंपल्या-गोगलगायींचा वर्ग, शोधला. चारशे मनुष्यदिवसांचे काम, ४२ ठिकाणे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची मोजणी होती २,७३८ प्रजाती. तेवढ्या आकाराच्या कोणत्याही सागरी क्षेत्रात तोवर नोंदल्या गेलेल्या संख्येच्या ती कित्येक पट होती. त्याहून बोलका आकडा पुढे आहे : त्यांतल्या ३२ टक्के प्रजाती ४२ पैकी एकाच ठिकाणी मिळाल्या आणि २० टक्के प्रजातींचा तर एकेकच नमुना हाती लागला. तिथे चार-पाच ठिकाणे पाहून काम आटोपले असते, तर अहवालात किती प्रजाती 'आढळल्या नाहीत' ठरल्या असत्या, याचा विचार करावा.

न दिसलेल्यांचा अंदाज बांधण्याचे गणितही आहे. संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन चाओ यांनी १९८४ मध्ये मांडलेले सूत्र सोपे आहे. समजा, पाहणीत १०० प्रजाती मिळाल्या. त्यांतल्या २० प्रजातींचा एकेकच जीव दिसला आणि १० प्रजातींचे दोन-दोन. तर २० चा वर्ग, म्हणजे ४००, याला १० च्या दुपटीने, म्हणजे २० ने भागायचे. उत्तर २०. म्हणजे किमान आणखी २० प्रजाती तिथे असाव्यात, ज्या आपल्याला दिसल्याच नाहीत. एकेकदाच दिसलेले जितके जास्त, तितके न दिसलेलेही जास्त, असा यामागचा विचार. यंत्रणेच्या नोंदीतून सुटलेल्या रुग्णांचा अंदाज बांधताना साथरोगतज्ज्ञही याच जातकुळीचे गणित वापरतात. ज्या अहवालात ही बेरीज नाही, तो अपुरा समजावा.

पाहणी एकदा करून भागत नाही, याचा धडा ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराने दिला. १९९९ च्या मार्चमध्ये तिथल्या नौकांच्या गोद्यांमध्ये काळ्या पट्ट्यांचा एक परका शिंपला सापडला. मूळचा कॅरिबियन परिसरातला हा जीव नळ, दोर, नौकांचे तळ यांवर थरांनी वाढतो आणि स्थानिक जीवांना जागा ठेवत नाही. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता. म्हणजे तो नुकताच आला होता, अजून पसरला नव्हता. प्रशासनाने गोद्या बंद केल्या, क्लोरिन आणि मोरचूद टाकले आणि काही आठवड्यांत त्याचा नायनाट केला. रसायनांनी इतर जीवही मेले, ती किंमत मोजावी लागली. पण सहा महिन्यांपूर्वीची यादी नसती तर निर्णय इतक्या ठामपणे घेता आला नसता. हाच शिंपला विशाखापट्टणम आणि मुंबईच्या बंदरांत गेल्या शतकातच येऊन स्थिरावला. आपल्याकडे तो ठाण मांडून बसला आहे.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. १८८० च्या दशकापासून 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण-जहाजावर 'सर्जन-नॅचरलिस्ट' असे पद होते. खलाशांवर उपचार करणारा डॉक्टरच अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागराच्या तळावरून जाळे ओढून जीव गोळा करायचा. आल्फ्रेड अल्कॉक हे त्यांतले नामवंत. ओढजाळ्यात मोठे आणि कठीण कवचाचे जीव येतात, मऊ आणि बारीक चिरडून जातात, ही त्या पद्धतीची मर्यादा. पण त्यांनी नमुने कोलकात्याच्या संग्रहालयात जपून ठेवले. शंका आली तर बाटली उघडून पुन्हा तपासता येते. नुसत्या छापील यादीची अशी फेरतपासणी करता येत नाही.

आज गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे, विद्यापीठांत जाणकार आहेत. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातून २०१७ पासून सामान्य नागरिक ओहोटीला खडकांवर जाऊन छायाचित्रांसह नोंदी करत आहेत. मुंबईत जिवंत प्रवाळ आहेत, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. पण किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले, कारण वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. कमतरता आहे ती सातत्याची. प्रकल्प आला की पाहणी, मंजुरी मिळाली की सामसूम. तीही सर्वसाधारणपणे पावसाळा वगळून एकाच हंगामाची, जेव्हा पावसाळ्यातच खाड्यांचा खारटपणा उतरतो आणि तिथले जीवन पालटते. जुनी नोंद नसलेल्या रुग्णाचा रक्तदाब आज वाढला की दहा वर्षांपासून वाढलेला आहे, हे कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. किनाऱ्याचेही तसेच आहे.

म्हणून शासनाने किनाऱ्यावरची काही ठिकाणे कायमची निश्चित करून तिथे दरवर्षी, त्याच पद्धतीने, पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी करावी. नमुने संग्रहालयात जमा करणे बंधनकारक करावे. प्राणी ओळखणाऱ्या तज्ज्ञांची पदे भरावीत, कारण यंत्र विकत घेता येते, नजर घडवावी लागते. यासाठी लागणारा पैसा एखाद्या पुलाच्या खर्चापुढे किरकोळ ठरेल.

तोवर वाचकांच्या हातातही काही आहे. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी जाहीर होते, तेव्हा अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करून द्यावा लागतो. तो मागून घ्यावा आणि चार प्रश्न विचारावेत. किती ठिकाणी आणि कोणत्या महिन्यांत पाहणी केली? चाळणी कितीची होती, चौकटी किती टाकल्या? प्राणी कोणी ओळखले आणि नमुने कुठे ठेवले आहेत? आणि एकेकदाच सापडलेल्या प्रजाती किती होत्या? उत्तरे मिळाली तर अहवालावर विश्वास ठेवायला आधार मिळेल. मिळाली नाहीत, तर 'आढळले नाही' याचा अर्थ 'शोधले नाही' असा घेऊन फेरतपासणीची मागणी करावी. रुग्णाच्या बाबतीत आपण तेच करतो.