हजेरीपटावर दर्जा मोजू नका

वेळ लवचीक केली, परीक्षेचे प्रकार वाढवले, की पदवीचा दर्जा घसरतो, असं स्टाफरूममध्ये ठामपणे सांगणारे माझे सहकारी कामचुकार नाहीत. त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरीही आहे. समोरासमोरच्या तासाला तोड नाही. पोरांनी मध्येच अडवून प्रश्न विचारला की मलाही विषय नव्याने कळतो. पण तास मोलाचा, म्हणून तासाला येऊ न शकणारा नालायक, हे कुठून आलं?

आमचा भाग द्राक्षांचा. ऑक्टोबर छाटणी झाली की डिपिंग, विरळणी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी त्या दिवसांत आठ-आठ दिवस दिसायची नाही. 75 टक्के हजेरीच्या नियमाने ती डिफॉल्टरच्या यादीत गेली. मी तिची तोंडी परीक्षा घेतली आणि अर्थशास्त्रातला घटत्या फलाचा नियम विचारला. बोटांवर कात्रीचे घट्टे होते. व्याख्येत अडखळली, मग म्हणाली, "सर, एका ओळीत चौघी असल्या की काम झपाझप उरकतं. पाचवी आली की थोडंच पुढं सरकतं. सातवी-आठवी आली की एकमेकींचे हात आड येतात, मजुरी मात्र प्रत्येकीला तेवढीच." पाठ करून लिहिलेल्या ढीगभर उत्तरांत मला हे मिळालं नव्हतं. मग तिला आलेख काढायला लावला. चुकला, तेव्हा पुन्हा लावला. सवलत वेळेत दिली होती, आलेखात नाही.

"सगळ्यांना एकच नियम, हाच न्याय," हा दुसरा आक्षेप. दृष्टिहीन विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो, तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात. प्रश्नपत्रिका तीच असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान 5 टक्के जागा राखल्या. पण प्रवेश देऊन हातात पानांचे फोटो काढलेली पीडीएफ ठेवली, तर स्क्रीन रीडर मुका राहतो आणि ती जागा नुसती कागदावर भरते.

आणि ही लवचीकता परदेशी खूळ नव्हे. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांच्या संस्थेने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. शिकणाऱ्याच्या दिवसाकडे बघून घड्याळ लावायची रीत आपल्याच मातीतली आहे.

अर्थात लवचीकतेच्या नावाने येणारं सगळंच मला मान्य नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येतं. बाहेरचं दार सताड आणि परतीचं अर्धवट राहिलं, तर गरिबाघरची मुलंच आधी गळतील.

खरा अडसर वेगळाच आहे. तोंडी परीक्षेला एका विद्यार्थ्यामागे पंधरा मिनिटं जातात, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. दर्जाची चाड असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनी त्या पंधरा मिनिटांसाठी भांडावं. निवेदनावर पहिली सही माझी असेल.