गाडी गेली, नाव राहिलं

आमच्या खानदेशात जुन्या गाडीची पारख म्हणजे बॉनेट उघडायचं आणि "आवाज ऐका, आवाज!" म्हणायचं. फार तर टायर बघायचे. कागदांचा विषय शेवटी, चहा पिता पिता. मला नेमकं हेच डोक्यात जातं.

काकांची बोलेरो कॅम्पर विकायला काढली आहे. फोर बाय फोर, यावलकडे केळीच्या मळ्यात राबलेली, पण ठेवलीय एकदम टकाटक. पावसात काळ्या मातीत भल्याभल्यांचे पिकअप रुततात, ही फोर लोमध्ये टाकली की निघते. (जाता जाता: "फोर व्हील कधी वापरलंच नाही हो" असं मालक कौतुकाने सांगतो, तिथे सावध व्हा. पुढच्या चाकांकडे जाणारे भाग अधूनमधून फिरले, तरच त्यांना तेल मिळतं. काका महिन्यातून एकदा मुद्दाम ओल्या रानात फोर व्हील लावतात. कोरड्या डांबरावर मात्र नाही.)

तर, धुळ्याचं गिऱ्हाईक आलं. "गाडी भारी शे भाऊ!" निम्मे पैसे रोख, बाकीचे कापूस विकल्यावर. फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून द्या, नावाचं नंतर बघू. काका तयार! "अरे भो, ओळखीतला माणूस आहे."

असेल. पण त्याने पुढे ज्याला विकली, तोही ओळखीतला?

नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल बघा. गाडी २००७ मध्ये विकली, मग हातोहात फिरत गेली, २००९ मध्ये अपघात झाला, त्यात एक जीव गेला. आरटीओत नाव पहिल्याच मालकाचं. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर! विमा संपलेला असेल, तर हे पैसे थेट खिशातून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं, विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. एजंटला हे नकोच असतं, कारण मधल्या मधल्या मालकांची नावं चढवत बसलं की खर्च वाढतो.

माझं म्हणणं साधं आहे. पूर्ण पैसे, मग दोघांनी आरटीओत जायचं, मग किल्ली. थोडा कमी भाव आला तरी चालेल. काकांच्या मते पुण्यात राहून मी माणसं ओळखायला विसरलोय. असो.

गिऱ्हाईक सोमवारी परत येणार आहे. मी रजा टाकलीय, फॉर्म २९ च्या दोन्ही प्रती बॅगेत आहेत.