एका नावाचे खाते

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पार्कलंड येथील मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये 14 फेब्रुवारी 2018 रोजी एका माजी विद्यार्थ्याने गोळीबार केला. त्यात 14 विद्यार्थी व 3 कर्मचारी मृत्युमुखी पडले. वाचलेली मुले राजधानीत जाऊन लोकप्रतिनिधींसमोर उभी राहिली, आणि 9 मार्चला राज्यपाल रिक स्कॉट यांनी शाळासुरक्षेच्या कायद्यावर स्वाक्षरीही केली. तरतूद होती सुमारे 40 कोटी डॉलरची. सरकारी तिजोरी इतक्या त्वरेने उघडल्याची उदाहरणे विरळाच.

प्रत्येक सरकारी शाळेत किमान एक सशस्त्र रक्षक असलाच पाहिजे, असे या कायद्याने ठरविले. पोलीस नेमण्यासाठी, इमारतींच्या मजबुतीसाठी आणि मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी निरनिराळ्या रकमा ठेवल्या. शिवाय 6 कोटी 70 लाख डॉलर ‘गार्डियन’ योजनेच्या नावे वेगळे काढले. स्वेच्छेने पुढे येणाऱ्या शाळेतील कर्मचाऱ्यास शस्त्रशिक्षण द्यावे आणि त्याने शाळेत शस्त्र बाळगावे, अशी ती योजना.

नेमके येथेच गणित अडले. शिक्षणसंस्थेच्या माणसाहाती बंदूक देण्यास अनेक जिल्ह्यांची शिक्षणमंडळे राजी नव्हती. त्यांना प्रशिक्षित पोलीस हवे होते. पोलिसांच्या वेतनाला मात्र मिळालेली रक्कम पुरेना. एका खात्यात टंचाई आणि शेजारच्या खात्यात पैसा पडून! ज्यांनी एखाद्या संस्थेचा निधी सांभाळला आहे, त्यांना ही कोंडी समजावून सांगावी लागणार नाही. दात्याने ज्या कारणासाठी रक्कम दिली त्याच कारणी ती लागावी, हा नियम योग्यच. पण येथे दाता म्हणजे करदाता, आणि त्याला हवी होती ती मुलांची सुरक्षितता. बंदूक कोणाच्या कमरेला असावी, हे विधिमंडळाने ठरविले होते.

गार्डियन खात्यातील अखर्चित राहणारे सुमारे 5 कोटी 80 लाख डॉलर जिल्ह्यांना पोलिसांसाठी द्यावेत, असे खुद्द स्कॉट यांनीच त्या उन्हाळ्यात सुचविले. विधिमंडळाच्या नेत्यांनी ते मानले नाही.

पार्कलंड ज्या ब्रॉवर्ड काउंटीत येते, तेथील मतदारांनी 28 ऑगस्ट 2018 रोजी स्वतःच्या मालमत्ताकरात चार वर्षांसाठी वाढ मंजूर केली. शिक्षकांचे वेतन, शाळांची सुरक्षा आणि समुपदेशन यांसाठी तो पैसा होता. तिजोरीतील रक्कम तेव्हाही तिच्या खात्यात होतीच.