मूल आळशी नसते, अडलेले असते



सहामाही परीक्षेचा निकाल लागला की पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येते, "आमच्या मुलाला अभ्यासाची गोडीच नाही." मला हे मत पूर्णपणे पटत नाही.

गेल्या चतुर्थीच्या आधीची गोष्ट. विज्ञानाच्या तासाला माटोळीचे सामान आणायला सांगितले होते. नववीतला एक मुलगा, जो एरवी प्रश्न विचारला की मान खाली घालतो, तो कांगले, कवंडळ, शेरवड, आंबाडे असे कितीतरी घेऊन आला. कोणती वेल डोंगरावर कुठे मिळते, फळ कधी धरते, हे त्याने न अडखळता मराठीत सांगितले. नंतर पुस्तकातला वनस्पतींचा धडा इंग्रजीतून सुरू झाला आणि तो पुन्हा गप्प झाला.

खरी अडचण इथे आहे. आपली बरीच मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात येतात. समजले नाही असे सांगायची लाज वाटते. मग फळ्यावरचे उतरवून घेणे, गाईड पाठ करणे आणि ट्यूशनवर विसंबणे सुरू होते. आठवीपर्यंत हे कसेबसे निभावते, नववीत निभावत नाही. त्यालाच आपण आळस म्हणतो. माझी पदवी हिंदी माध्यमातून झाली. पुढे इंग्रजी ग्रंथ समोर आले तेव्हा मीही कित्येक महिने मागच्या बाकावर गप्प बसून काढले. शब्दकोश घेऊन रोज एक पान वाचायचे ठरवले, तेव्हा वाट सापडली.

आपल्या गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी मराठी 'बालबोध' मासिकात बुद्धचरित्र वाचले आणि त्या ओढीने 1899 साली घर सोडले. पुण्यात व काशीला संस्कृत, सिंहलद्वीपात पाली शिकून 1910 साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात कामासाठी पोहोचले. गुरू त्यांनाही लागलेच, पण शोध त्यांचा स्वतःचा होता. स्वावलंबी अभ्यास म्हणजे हेच.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. विद्यार्थ्यांनी रोज न समजलेला एक प्रश्न वहीत लिहावा, मराठीत लिहिला तरी चालेल. बोर्डाचा पेपर इंग्रजीत असतो हे खरे, पण आधी आपल्या भाषेत समजलेले इंग्रजीत लिहिता येते. न समजलेले कोणत्याच भाषेत लिहिता येत नाही. शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये, मुलाला थोडे चाचपडू द्यावे. पालकांनी "किती गुण पडले?" याऐवजी "आज काय समजले ते मला सांग" असे विचारावे. आपल्याला इंग्रजी येत नसेल तर उत्तमच. मुलगा आपल्याला समजावताना स्वतः शिकेल. शेजारच्या मुलाशी तुलना मात्र कृपया टाळावी. विश्वस्तांना विनंती, की शाळा सुटल्यावर तासभर वाचनालय उघडे ठेवण्याची सोय करावी. घरी शांत कोपरा नसलेली मुले आपल्याकडे आहेत.

माटोळीचे सामान आणणारा तो मुलगा आता आठवड्यातून एकदा तरी हात वर करतो. गुण अजून फारसे वाढलेले नाहीत. पण मला त्या वर आलेल्या हाताचे मोल अधिक वाटते.