सहलीच्या यादीत ब्रश लिहिला का?



आमच्या वस्तीतील बायका-मुलांना घेऊन आम्ही मागे एकदा आगाशिवची लेणी पाहायला गेलो होतो. कराडजवळ जखिणवाडीच्या डोंगरात ही साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. रात्री पायथ्याला मुक्काम आणि पहाटे चढण, असा बेत होता. तासगावातून निघताना आम्ही स्वतः यादी केली. तांदूळ, बेसन, मेणबत्त्या, पंचशील ध्वज, वाटेत खायला बेदाणा, सगळे आठवणीने घेतले. सकाळी पाहतो तर चाळीस माणसांत ब्रश जेमतेम सात-आठ! कुणी चुलीतला कोळसा घेतला, कुणी बोटावर मीठ घेतले. आणि एका आजीच्या चंचीतली मशेरीची डबी बायकांत फिरू लागली.

नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीची दाढ दुखत होती. आजीने मायेपोटीच तिच्या दाढेत चिमूटभर मशेरी दाबली. पोरीला गरगरले, ओकारी झाली. पण दुखणे थांबले, म्हणून दुपारी तिने पुन्हा मागितली. आम्ही जवळच बसलो होतो. वडीलधाऱ्या बाईला कसे बोलावे, या संकोचाने गप्प राहिलो. ते गप्प राहणे आजही टोचते.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. तिने दुखणे बधिर होते, कीड तिथेच राहते, आणि सवय मात्र जडते. पुढे हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. मशेरीला तर आपल्या घरांत तंबाखू म्हणून कुणी मोजतच नाही. दोष आया-आज्यांचा नाही. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात वाकून राबताना भूक मारायला त्यांना दुसरे काय होते?

ब्रश विसरला तर काय करावे, याचे उत्तर आपल्याच विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा दिली. दातवण न केल्यास तोंडाला घाण येते, अन्नाची रुची जाते, असे तोटेही सांगितले. काही भिक्खू लांबलचक दातवणांनी श्रामणेरांनाच बडवू लागले, तेव्हा आठ अंगुळांपेक्षा लांब नको असा नियम झाला. एकाच्या घशात आखूड काडी अडकली, तेव्हा चार अंगुळांपेक्षा आखूड नको, हेही ठरले.

म्हणून रानात कडुनिंबाची किंवा बाभळीची ताजी काडी घ्यावी, काटे काढून टोक चावून मऊ करावे आणि हळूहळू फिरवावे. ओळख नसलेल्या झाडाची काडी तोंडात घालू नये. कण्हेर तर विषारी. कोळसा, राख, विटेची पूड यांनी दातांवरचे कवच झिजते.

ब्रश असेल तर पाण्याची अडचण होत नाही. फ्लोराईड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन दोन मिनिटे घासावे, फेस थुंकावा. फार चुळा भरू नयेत. थोडी पेस्ट दातांवर राहिलेली चांगली. पेस्ट नसली तरी नुसत्या ब्रशने मळ निघतो. बेदाणा दातांच्या फटीत चिकटून बसतो, म्हणून रात्रीचे घासणे चुकवू नये. ओला ब्रश पिशवीत कोंबू नये, वाऱ्यावर वाळवावा. आणि एकमेकांचा वापरू नये, मग ती सख्खी भावंडे का असेनात.

लेण्यांजवळ खडकात कोरलेली पाण्याची टाकी असतात. त्यात ब्रश बुडवू नये, चूळ टाकू नये. १९२७ साली महाडला पाण्यासाठी काय सोसावे लागले, ते पोरांना तिथेच उभे करून सांगावे. टाक्यातले पाणी साचलेले असते. चूळ भरायलाही उकळलेले किंवा घरून आणलेले पाणी बरे.

दाढ दुखली तर परतल्यावर दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर सांगली-मिरजेचे सरकारी रुग्णालय गाठावे.

पुढच्या सहलीच्या यादीत आम्ही तांदळाच्याही वर ब्रश लिहिला. ती मुलगी स्वतःचा ब्रश घेऊन आली. आजीही आली, चंचीसकट. या वेळी आम्ही धीर करून तिच्याशेजारी जाऊन बसलो आणि बोललो. ती चिडली, तासभर आमच्याशी बोलली नाही. पण डबी चंचीतच राहिली, फिरली नाही.