पोरांना मोडायला एक नेटवर्क द्या

मंडळी, आज थोडं लांब लिहितोय, पण विषय आपल्याच पोरांचा आहे.

मी शिरपुरात एम.टेक.च्या मुलांना कॉम्प्युटर नेटवर्क शिकवतो. परवा टीसीपीचा कन्जेशन कंट्रोल घेतला. म्हणजे वाटेत गर्दी झाली की पाठवणाऱ्याने वेग कसा आवरायचा. लॅपटॉपवर मिनीनेट चालवलं, आलेख काढला. तेवढ्यात एका पोराने मागे दुसरा प्रोग्राम सुरू केला आणि आलेख पार वेडावाकडा. "सर, हाई काय शे?" गर्दी नेटवर्कमध्ये नव्हतीच, लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये होती! मिनीनेट वाईट नाही, सुरुवातीला उत्तमच. पण एका मशीनच्या पोटात दहा राउटर कोंबल्यावर मोजमापावर भरवसा किती ठेवायचा?

मग कॉलेजचं खरं नेटवर्क? ते कुणी हात लावू देत नाही, आणि बरोबरच आहे. एखाद्याने राउटिंग बिघडवलं तर परीक्षेचे फॉर्म अडकतील.

अमेरिकेत 2014 पासून क्लाउडलॅब आहे. यूटा, विस्कॉन्सिन आणि क्लेमसन या विद्यापीठांत मशिनं ठेवलीत. उभारली संशोधनासाठी, पण वर्गालाही देतात. शिक्षक प्रोजेक्ट उघडतो, मुलं काही तासांसाठी खरी मशिनं घेतात, रूटचे अधिकार हातात. हवं तसं जाळं जोडा, मोडा. मुदत संपली की मशीन पुसून पुढच्याला.

आपल्याकडे पैसा नाही असंही नाही. 2010 मध्ये राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कला 5,990 कोटी मंजूर झाले, 2015 मध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला 4,500 कोटी. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, 2024 मध्ये जीएमआरटीला परम रुद्र मिळाला. अभिमान आहेच. पण सुपरकॉम्प्युटरवर काम रांगेत लावायचं, नंबर आला की उत्तर घ्यायचं. हवामानवाल्यांना ते पुरतं. माझ्या पोरांना उत्तर नको, मधली वायर हवी.

शिरपूर ते पुणे सुमारे 400 किलोमीटर. फायबरमधून प्रकाशाला जाऊन-येऊन 4 मिलिसेकंद पुरतात. पिंग मारलं की आकडा त्याहून मोठा येतो. मधला वेळ कुठे गेला? एम.टेक.चा खरा प्रश्न हाच, पण वाटेतल्या राउटरच्या रांगेत डोकावायची सोय आमच्याकडे नाही.

म्हणून ज्ञान नेटवर्कच्या तारेवरच, जळगावच्या विद्यापीठात आठ-दहा सर्व्हर, धुळ्यात चार, शिरपुरात चार, आणि पुण्या-मुंबईत तशीच ठाणी, एवढं जोडा. दिवसा संशोधकांना, संध्याकाळी वर्गाला.

कुणी म्हणेल, यातून भांडणं होतील. अहो, वाटून घ्यायचं आपल्याला कुणी शिकवायचं? पांझरेवर फड पद्धत शतकानुशतकं चालली. बंधारा एक, पाट एक, पाळी ठरलेली, आणि ती सांभाळायला पाटकरी. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवायचे हे आधीच ठरायचं. सर्व्हरलाही पाटकरीच लागतो. खरं सांगायचं तर मशिनं मिळतील, पण पाटकऱ्याचा पगार कोण देणार, यावरच गाडी अडेल. तेवढी एक जागा आधी मंजूर करून घ्या.

अभ्यास मंडळावर किंवा सिनेटवर असलेलं कुणी हे वाचत असेल तर कळवा. दोन पानांचा प्रस्ताव मी याच रविवारी लिहून देतो.