खाडा भरायचा कोणी?

कुंभार पिंपळगाव हे घनसावंगी तालुक्यातले बाजाराचे गाव. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे आणि गोदावरीचे पाणी या पट्ट्याला मिळाले तसा इथे ऊस वाढला. अंकुशनगरचा समर्थ कारखाना आणि त्याचे तीर्थपुरीचे युनिट याच भागात आहेत. दिवाळी सरली की उसाच्या फडाच्या कडेला मजुरांच्या कोपी पडतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. सहकाऱ्यांमधले तंटे कसे मिटवावेत, यावर शहरातल्या हॉटेलांत कार्यशाळा भरतात. त्या भरवणाऱ्यांनी आठवडाभर एखाद्या टोळीबरोबर फडात काढायला हरकत नाही.

टोळी म्हणजे अगदी घट्ट बांधलेला संघ. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे दहा-बारा कोयते एकत्र तोडतात, मोळ्या बांधतात आणि ट्रॉली भरतात. काट्यावर वजन होते ते अख्ख्या खेपेचे. कोणी किती तोडले याची वेगळी नोंद नसते, पैसे सारखे वाटले जातात. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांची तडजोड झाली, मजुरीत ३४ टक्के वाढ मिळाली आणि टनाचा दर २७३ वरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. दिवसाला पंधरा टनांची एक खेप धरली तर ५,४९० रुपये होतात. दहा कोयत्यांत वाटले की जोडप्याच्या वाट्याला ५४९.

आता यातला एक कोयता उशिरा उठतो. कोणाचे पोर तापाने फणफणलेले असते, कोणाची कंबर धरते. उरलेल्यांना वाटते, आमच्या जिवावर हे खातात. भांडण सुरू होते ते इथून, आणि मग ते सासर-माहेर, जात, जुनी उसनवारी असे कुठेही जाऊन पोचते. बाहेरून पाहणारा म्हणतो, ही माणसेच भांडकुदळ.

माणसे भांडकुदळ नसतात. हिशेब उघडा नसतो, आणि तो नसला की जवळच्याच माणसाचा संशय येतो. अमेरिकेतल्या अभ्यासक कॅरेन जेन यांनी १९९७ मध्ये एका कंपनीतल्या सहा गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाबद्दलचे मतभेद आणि माणसामाणसांतली अढी यांच्या जोडीला त्यांनी तंट्याचा तिसरा प्रकार मांडला: कोणी काय करायचे, किती करायचे, कोणाच्या वाट्याला काय. हा तंटा गटाच्या कामाला मारक ठरतो, असे त्यांना दिसले. फडातल्या बाईला हे कोणी इंग्रजीत सांगायची गरज नाही. उसाच्या शेंड्यांच्या, म्हणजे वाढ्याच्या पेंढ्या विकून आलेले पैसे कोणाचे आणि शेतकऱ्याने बक्षिसी म्हणून दिलेल्या खुशालीत कोणाचा किती वाटा, यावरून पेटलेली भांडणे तिने पाहिलेली असतात.

सगळ्यात वाईट भांडण मात्र खाड्याचे. कामावर न गेलेल्या दिवसाचा दंड साधारण ५०० रुपये किंवा त्याहून जास्त. म्हणजे आजारी जोडप्याची त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर जवळपास तेवढेच अंगावर चढते. बहुतेक ठिकाणी हा पैसा टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात, उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेच्या खात्यात जमा होतो. खाड्याचा पैसा मुकादमाकडे आणि त्या दिवसाची जादा मेहनत उरलेल्या नऊ कोयत्यांकडे, अशी ही वाटणी आहे. मग त्या नऊ कोयत्यांचा राग कोणावर निघतो? आजारी बाईवर. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीतला त्रास आणि बुडणारे दिवस यांचा धाक त्यामागच्या कारणांत होता, हे २०१९ पासून अनेकदा मांडले गेले आहे.

टोळीतला तंटा मिटवायचे काम मुकादमाचे, असे गृहीत असते. तो गावचा असतो, कधी भावकीतलाही, आणि रात्री कोपीपुढे बसून दोघांना गप्प करण्याची त्याची हातोटी खोटी नसते. पण उचल त्याने दिलेली, खाडा त्यानेच लावलेला, आणि २०२४ च्या तडजोडीत त्याचे कमिशन २० टक्के झाले. ज्याचा हात थैलीत, त्यालाच पंच केले तर दोन मजूर एकमेकांत भांडत राहणे त्याला परवडते. कचेरीतही हेच घडते. ज्या साहेबाने कामाची वाटणी वाकडी केली, त्याच्याच टेबलावर तक्रारीचा अर्ज जातो.

कायद्याला ही गोम कळली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात मालक आणि कामगारांचे सारखे प्रतिनिधी असतात, अध्यक्षपद दरवर्षी आळीपाळीने दोन्ही बाजूंकडे जाते आणि तक्रार तीस दिवसांत निकाली काढायची असते. बँका, कारखाने, दुकाने यांनी ती कागदावर न ठेवता चालवली तरी पुष्कळ होईल.

दहा कोयते म्हणजे वीस कामगार. आकडा बरोबर बसतो, पण मालक कोण? कारखाना म्हणतो, ही मुकादमाची माणसे. मुकादम म्हणतो, मी कारखान्यासाठीच टोळी आणली. हा घोळ सुटेपर्यंत करण्यासारखे बरेच आहे. हंगामाआधी उचल ठरते तेव्हाच खाडा, खुशाली आणि वाढे यांचे नियम लिहून प्रत्येक कोयत्याला, त्यातही बाईच्या हाती, एक प्रत द्यावी. काट्याच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर जावा. आजारपण आणि बाळंतपणाला खाडा नसावा. तंटा ऐकायला कारखान्याच्या शेती विभागाचा माणूस, ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचा प्रतिनिधी आणि टोळीतली एक बाई बसावी. मुकादमाने बाजू मांडावी, निकाल देऊ नये. महामंडळासाठी उसाच्या टनामागे पैसे घेतले जातात, तेव्हा त्याचा माणूस फडापर्यंत पोचावा ही अपेक्षा अवाजवी नाही. मुकादम याला विरोध करतील, कारखाने हंगाम तोंडावर असल्याचे कारण पुढे करतील. म्हणून हे बोलणे उचल वाटली जाण्याआधी, पावसाळ्यातच व्हायला हवे.